अठरावी जागा

"तुम्ही सुटलात, मिस्टर स्ट्राउड," पगारखात्यातली मारिसेला हसत म्हणाली आणि हार्लन तिच्या टेबलाशी थबकला. एकसष्ट वर्षांच्या माणसाला कुणी सुटलात म्हणून सांगितलं, की आधी आपण कशात अडकलो होतो तेच त्याला आठवतं. तो कत्तलीच्या मजल्यावरून तसाच वर आला होता, रबरी बुटांसकट. बूट कितीही धुतले तरी शिवणीत रक्त राहतंच, आणि पगारखात्याच्या पांढऱ्या फरशीवर त्याचे दोन गुलाबी ओघळ आले होते. पोरीने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. कामाला वाघ होती. इथे येऊन वर्ष झालं नव्हतं, पण कंपनीतल्या म्हाताऱ्या माणसांनी कधी उघडले नव्हते असे कागद तिने उघडले होते. "दर वर्षी निवृत्तीच्या फंडाची यादी करायला लागते," ती सांगत होती. "जास्त पगारवाल्यांनी स्वतःच्या म्हातारपणासाठी भरमसाट भरायचं आणि खालच्यांच्या हाती धुपाटणं, असं होऊ नये म्हणून सरकारचा कायदा आहे. वगळायचे ते वगळून आपल्याकडे नव्वद माणसं उरतात. त्यातली पगाराने वरची अठरा यादीत. यादीतल्यांनी जास्त भरलं असेल तर मार्चमध्ये ते परत येतं, वर कर बसतो. सतरा नावं सरळ निघाली. अठराव्या जागेवर दोघं आले. तुम्ही आणि वेंडेल ट्वेट. पगार, बोनस, सगळं धरून अगदी सेंटापर्यंत सारखं! मला वाटलं माझंच काहीतरी चुकलंय. तीनदा तपासलं."

"मग घाल की दोघांना."

"अठरा म्हणजे अठरा. कुणाला घ्यायचं ते आपल्याला वाटेल तसं नाही ठरवता येत, रीत आधी लिहून ठेवलेली असते आणि ती सगळ्यांना एकच लावायची. आपल्या कागदात म्हटलंय, आधी नोकरीला लागला तो यादीत. तर तुम्ही दोघंही लागलात नऊ मार्च सत्त्याऐंशीला! तारीखही एकच असेल तर काय, तेही कंपनीच्या वकिलाने लिहून ठेवलंय. ज्याचं हजेरीचं पहिलं कार्ड घड्याळात आधी पंच झालं तो. मग काय, बसले तळघरात तीन दिवस खोकी उपसत." तिने ड्रॉवरमधून दोन तपकिरी कार्डं काढली आणि पत्त्यांचा डाव मांडावा तशी त्याच्यासमोर ठेवली. वेंडेल ट्वेट, सकाळी पाच बावन्न. हार्लन स्ट्राउड, सकाळी सहा एकतीस. जांभळी शाई थोडी फुटली होती, पण आकडे शाबूत होते. "म्हणून म्हटलं, तुम्ही सुटलात. ते अडकले बिचारे."

हार्लन कार्डांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मलाच घाल. मी लिहून देतो. वेंडेलची बायको आजारी असते, त्याला कशाला त्रास." मारिसेलाला ते फार आवडलं, तिचे डोळेच भरून आले. "तुमच्या दोघांच्या दोस्तीबद्दल ऐकलं होतं मी," ती म्हणाली. "पण मर्जीवर नाही हो चालत. आणि कालच पत्रं टाकलीत मी, दोघांच्याही घरी. कारण लेखी कळवायचं असतं. दोन्ही वेळा घातल्यात, म्हणजे कुणाला शंका नको." टपालवाली बाई हार्लनच्या रस्त्यावर दोनच्या सुमाराला येते. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते.

जिन्यावरून उतरताना त्याच्या डोक्यात एकच आकडा होता. सहा एकतीस. मिसूरी नदीकाठच्या त्या गावात सकाळच्या सहाच्या भोंग्याला एकच अर्थ होता. सत्त्याऐंशीच्या संपात, त्याच नऊ मार्चला, भोंगा वाजत होता तेव्हा लाइल ब्रँडवोल्ड पडला, असंच सगळे सांगत. संपवाल्यांपैकी दोघांनी धुक्यात त्याला पाहिलं तेव्हा भोंगा अजून चालू होता, आणि त्याची कवटी डाव्या बाजूने आत गेलेली होती. तीन घाव, डॉक्टर म्हणाले होते. कुणी घातले ते कधीच कळलं नाही. बाजूच्या फाटकापासून पन्नास पावलांवर संपफोड्यांच्या बसवर दगडफेक चालली होती आणि शेरीफने सगळा दोष त्या धुमश्चक्रीवर टाकून फाईल मिटवली. लाइल म्हणजे नोरीनचा थोरला भाऊ, आणि नोरीन म्हणजे हार्लनची बायको. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर तिने नवऱ्याचा हात धरून विचारलं होतं, "तू कुठे होतास?" आणि तो म्हणाला होता, "आत. पावणेसहालाच आत गेलो मी. कपडे बदलत होतो." एवढंच वाक्य. त्या वाक्यावर बत्तीस वर्षांचा संसार उभा होता. लाइलला घरी आणलं, मागची खोली त्याला दिली, हार्लनने स्वतः दाराची चौकट रुंद केली. एका वाक्यावर माणूस किती वजन टाकतो! आणि आज ते वाक्य एका गुणी पोरीने, काहीही वाईट न चिंतता, पाकिटात घालून तिकीट लावून धाडून दिलं होतं.

लाइलने त्याला काट्याच्या खोपटापाशी गाठलं होतं, जिथे गुरांचे ट्रक तोलतात. वर्षभर हार्लन बेकार होता, ट्रॅक्टरचा कारखाना बंद पडल्यापासून. नोरीन लाँड्रीत उभी राहून राहून पाय सुजवून घरी येई. कंपनीने जाहिरात दिली तेव्हा त्याने घरात कुणाला न सांगता अर्ज केला, आणि पहिल्या दिवशी कंपनीने दिलेला पिवळा रेनकोट घालून बाजूच्या फाटकाने निघाला. पाठीवरच्या पिशवीत सुऱ्या आणि त्यांना धार लावायची पोलादी सळई. लाइलने त्याची कॉलर पकडली. बाकीचं जग धुक्यात होतं. "माझ्या बहिणीला हे खायला घालणार तू?" लाइल म्हणाला होता. "सात महिने आम्ही बर्फात उभे राहिलो ते ह्यासाठी? थू तुझ्या!" थुंकी हार्लनच्या गालावरून ओघळून ओठाशी आली. ती कोमट होती, तिला कॉफीचा वास होता. पिशवीत हात कधी गेला ते त्याला कळलं नाही. पहिला घाव भीतीचा होता, एवढं त्याने स्वतःशी केव्हाच कबूल केलं होतं. दुसरा रागाचा होता, लाइल गुडघ्यावर आल्यावर. तिसऱ्याचं नाव त्याला आजवर सापडलं नव्हतं. लाइल तेव्हा आडवा पडला होता, डोळे उघडे, हात बाजूला. भीती नव्हती, राग नव्हता, भोंगा सुरू झाला होता आणि हाताला त्या सळईचं वजन बरं वाटत होतं. बस, एवढंच. त्या बरं वाटण्याला तो बत्तीस वर्षं घाबरत आला होता. मान वर केली तेव्हा काट्याच्या खोपटाजवळ एक पिवळा रेनकोट दिसला. कुणीतरी तिथे उभं होतं, हलत नव्हतं, धुक्यात तोंड दिसत नव्हतं. त्यानंतरची तीस मिनिटं तो नदीकाठी ओकत होता आणि वाळूने हात घासत होता.

आत गेल्यावर कपाटांच्या रांगेत वेंडेल ट्वेट त्याच्या शेजारी आला. रेनकोटशिवाय, जणू तो कुठेतरी लपवून आलेला. हार्लनने तेव्हाच ओळखलं, म्हणजे त्याला वाटलं की आपण ओळखलं. वेंडेल काही बोलला नाही. आठवडा गेला, महिना गेला, शेरीफ येऊन गेला, वेंडेल काही बोलला नाही. मग वर्षाने पहिली पगारवाढ झाली आणि वेंडेल कपाट बंद करता करता त्याच्याकडे बघून म्हणाला, "मला तासाला पाच सेंट कमी आले रे तुझ्यापेक्षा." चोराच्या मनात चांदणं. हार्लन त्याच दिवशी केसेनिक म्हाताऱ्याच्या खोलीत गेला आणि टोपी हातात धरून म्हणाला, मला जे द्याल ते वेंडेलला द्या, नाहीतर मलाही नको. म्हातारा मालक खूश झाला. असली माणसं आता राहिली नाहीत, म्हणाला, आणि दोघांचा पगार सारखा राहील असं लिहूनच ठेवलं. हार्लन कत्तलीच्या मजल्याचा मुख्य झाला तेव्हा हट्ट धरून वेंडेलला हाडांवरून मांस सोडवायच्या विभागाचा मुख्य करवला. म्हातारा गेला, मुलगा आला, तरी ते चालू राहिलं. कारखान्यात त्यांना जुळे म्हणत. एक शिंकला की दुसऱ्याला रुमाल द्या, अशी थट्टा होई. आणि हार्लन हसत असे, आणि मनात म्हणत असे, अजून एक वर्ष तोंड बंद राहिलं. आता तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला, कारण त्याला दिसलं की हा सगळा चिखल त्याच सारखेपणातून वर आला आहे. एका सेंटाचा फरक ठेवला असता तर कुणी तळघरात गेलं नसतं. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, तोही दर वर्षी थोडा थोडा.

खाली आवाज, वाफ आणि तो वास, जो त्याला आता वास वाटत नसे. जनावरं टांगून पुढे नेणारी साखळी चालू होती. पिंजऱ्याशी अब्दी उभा होता, जनावराच्या डोक्यात बोल्ट मारायची बंदूक धरून, तो शांत सोमाली माणूस सहा वर्षं तिथे होता आणि क्वचितच चुकत असे. आज बैलाने मान फिरवली. बोल्ट कपाळाच्या बाजूला लागला, पिंजऱ्याचं फळकूट वर गेलं आणि अर्धवट शुद्धीतलं ते प्रचंड जनावर फरशीवर येऊन पडलं, उठलं, घसरलं, पुन्हा उठलं. एका डोळ्यात रक्त होतं आणि दुसरा डोळा सरळ हार्लनकडे बघत होता. माणसं भिंतीला चिकटली. कुणीतरी साखळी थांबवली. हार्लनने अब्दीच्या हातून बंदूक घेतली, बाजूने गेला, गुडघा जनावराच्या मानेवर रोवला आणि मारली. बैल खाली बसला. पुन्हा भरून मारली. पाय ताणले गेले, जीभ बाहेर आली, सगळं संपलं. आणि त्याने बंदूक पुन्हा भरली आणि पुन्हा मारली. हाडाचा चुरा त्याच्या हनुवटीवर उडाला.

"मेलाय तो, साहेब," अब्दी हळू म्हणाला. "केव्हाच मेलाय."

भिंतीशी उभी असलेली माणसं बैलाकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. हार्लनने बंदूक परत दिली. हाताला बरं वाटत होतं. ते त्याला कळलं. तोंड धुतलं, कोट टांगला, आणि घरी जायच्या ऐवजी मांस सोडवायच्या विभागाकडे वळला. आधी वेंडेल. जर वेंडेलने सांगितलं की कार्डांची अदलाबदल झाली होती, माझं त्याने पंच केलं आणि त्याचं मी, तर पोरगी पत्र मागे घेईल, नवं पत्र काढेल. नोरीनला सांगता येईल, ऑफिसची चूक. बुडत्याला काडी दिसली की तो काडीची जाडी बघत नाही.

वेंडेल जेवणाच्या खोलीत एकटाच बसला होता, डबा उघडून, टर्कीचं सँडविच दोन्ही हातांत धरून. रुंद, ठेंगणा, चष्म्याची एक काडी टेपने चिकटवलेली. त्याने सगळं ऐकून घेतलं. "यादीत जाईन तर जाईन," तो म्हणाला. "थोडे पैसे परत येतील, कर भरीन. तुला काय एवढी आग लागलीय? घामाने भिजलायस बघ."

"एक एवढं कर, वेंडेल. बत्तीस वर्षं तुला काही कमी पडू दिलं नाही मी. सेंटभरसुद्धा."

"मी कधी मागितलं?"

"मागायला कशाला हवं? पाहिलंस ना तू. सहाच्या भोंग्याला काट्याच्या खोपटापाशी उभा होतास, पिवळा रेनकोट घालून. मी ओळखलं तुला."

वेंडेल चावायचा थांबला. "रेनकोट मी तिथल्या खांबावर अडकवून टाकला होता," तो सावकाश म्हणाला. "पिवळं दिसलं की दगड येत होते. नुसत्या शर्टावर कुडकुडत पळालो आत. पाच बावन्नला आत होतो म्हणतोस ना तूच? मग सहाला मी बाहेर कसा असेन?" तो आणखी काही बोलणार होता, पण सहाला तिथे कोण पडला होता ते आठवून त्याचं तोंड उघडंच राहिलं. खोलीत बर्फाच्या यंत्राचा आवाज येत होता. हार्लनला तो खांब दिसला, त्यावरचा ओला रेनकोट दिसला, आत कुणी नसलेला. बत्तीस वर्षं त्याने एका खांबाला पगार दिला होता.

"पाच सेंट कमी आले म्हणालास तू," हार्लन म्हणाला.

"पाच सेंट कमी आले होते म्हणून म्हणालो!" वेंडेलने सँडविच डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. "अरे, दर ईस्टरला मी तुझ्या घरी हॅम घेऊन येतो. लाइलच्या शेजारी बसतो. तुझी बायको त्याला भरवते आणि तू, तू प्रार्थना म्हणतोस टेबलावर. तू म्हणतोस!" तो उभा राहिला आणि त्याने हार्लनच्या छातीवर दोन्ही हातांनी असा धक्का मारला की हार्लन कपाटावर आदळला. "घरी जा. तिला माझ्याकडून कळायच्या आत जा. मी ह्या वेळी गप्प बसणार नाही, फुकटही नाही आणि पैशानेही नाही."

गाडी चालवताना त्याने मनात वाक्यं जुळवली. घड्याळ बिघडलं होतं. कार्ड विसरलो, नंतर पंच केलं. नोरीन विश्वास ठेवेल, ती विश्वास ठेवणारी बाई आहे. मग त्याला वाटलं, आणि हे प्रथमच वाटलं, की तिने ठेवू नये. रस्त्याच्या कडेला मळका बर्फ होता. टपालवाली बाई त्याच्या कोपऱ्यावरून पुढे जाताना दिसली, तिने हात हलवला, त्यानेही हलवला. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

स्वयंपाकघरात बटाट्याच्या सुपाचा वास होता. लाइल खिडकीपाशी त्याच्या खुर्चीत होता. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली, पण डाव्या हाताला अजून कारखान्यातला जुना धंदा आठवत होता. सळई गुडघ्यांत उभी धरून तो घरातल्या सुऱ्यांना धार लावत बसे, शेजारपाजारच्यासुद्धा. तीच सळई. हार्लनने ती घराच्या तळघरात हत्यारांच्या पेटीखाली ठेवली होती, फेकली तर कुणी विचारेल म्हणून, आणि एके दिवशी नोरीनने ती वर आणून भावाच्या हातात दिली. परत मागायला हार्लनजवळ कारण नव्हतं. वीस वर्षं तो रोज संध्याकाळी ते घासणं ऐकत जेवत आला होता.

"लवकर आलास," नोरीन म्हणाली. पत्र तिच्या पुढ्यात उघडं पडलं होतं. तिचा चष्मा कपाळावर होता. "मी लाइलला वाचून दाखवत होते. म्हटलं, बघ, तुझ्या मेहुण्याचं नशीब, ह्याही वेळी सुटला. वेंडेल पाच बावन्न, आपला हार्लन सहा एकतीस." तिचा आवाज नेहमीचाच होता. "दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं मला काय वाचतेय ते."

घड्याळाचं वाक्य त्याच्या जिभेवर होतं. समोर लाइल सुरी फिरवत होता, एकदा ह्या बाजूने, एकदा त्या बाजूने, अगदी हळुवार.

"मी मारलं त्याला," हार्लन म्हणाला. "ह्याच सळईने."

नोरीनने कपाळावरचा चष्मा काढून पत्रावर ठेवला. मग तिने विचारलं, "त्याने काय केलं होतं?"

"थुंकला माझ्यावर."

"पहिला त्यासाठी. दुसरा?"

"रागाने."

"आणि तिसरा?" तिचा आवाज आता चिरला. "डॉक्टर म्हणाले होते, पहिल्या दोनांनी तो बोलता राहिला असता. तिसरा कशाला, हार्लन? पडला होता ना तो?"

"माहीत नाही," तो म्हणाला. ते खरं नव्हतं. "हाताला बरं वाटलं."

ती उठली. तिने लाइलच्या हातातली सुरी काढून टेबलावर ठेवली, गुडघ्यांतली सळई घेतली. लाइलने विरोध केला नाही, फक्त रिकाम्या हाताकडे बघितलं. "हात ठेव," ती म्हणाली. हार्लनने उजवा हात टेबलावर ठेवला, तळवा खाली, बोटं पसरून. पहिला घाव बोटांच्या मुळांवर बसला आणि पेले उडाले. आतली हाडं मोडल्याचा आवाज त्याने ओळखला, असल्या आवाजात त्याचं आयुष्य गेलं होतं. दुसरा मनगटाजवळ बसला. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून लाइल दचकला. नोरीनने सळई तिसऱ्यांदा उचलली. ती जड पोतं उचलावं तशी धापा टाकत होती, चेहरा पांढरा पडला होता, आणि सळई हवेतच राहिली. हार्लनने हात मागे घेतला नाही. त्याला तिसरा हवा होता. तो मिळाला तर कुठेतरी जमाखर्च मिटेल, आपण दोघं एका मापाचे होऊ, असं काहीतरी त्याच्या मनात होतं आणि ते तिने त्याच्या तोंडावर वाचलं असावं.

"नाही," ती म्हणाली आणि तिने सळई खाली ठेवली. "तिसरा मला जमत नाही. मी तुझ्यासारखी नाहीये."

मग तिने सुपाचं वाडगं आणून हार्लनच्या डाव्या बाजूला ठेवलं, त्यात चमचा टाकला आणि स्वतः भिंतीशी जाऊन उभी राहिली. लाइलला भरवायची एक रीत होती, बत्तीस वर्षांत ती फक्त तिच्या हाताला ठाऊक होती. त्याला गिळायची आठवण राहत नसे. दर घासाला त्याच्या गळ्यावरून वरून खाली बोट फिरवावं लागे, तेव्हा घास उतरे.

"आता तू भरव," ती म्हणाली. "त्याची वेळ झालीय. रोज तूच भरवायचं."

हार्लनने डाव्या हाताने चमचा भरला. अर्धं सूप सांडलं. लाइलने तोंड उघडलं, घास घेतला आणि वाट बघत राहिला. एकच हात मोकळा होता, तो सुजत चाललेला. हार्लनने तो उचलला, मोडकं बोट मेहुण्याच्या गळ्याला लावलं आणि दुखण्याने डोळ्यांत पाणी येत असताना हळूहळू खाली आणलं. कातडीखाली काहीतरी हललं. लाइलने गिळलं, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.